एक दात मागे

टायमिंग बेल्टची खालची खूण बघायला मी आरसा वापरत नाही, हे मी आजवर इतक्या लोकांना ऐकवलं आहे की आता मलाही ते खरं वाटायला लागलंय. खरी गोष्ट अशी की मी आरसा वापरतो, फक्त कोणी बघत नसताना. शेजारचा टायरवाला पंक्चर काढण्यात गुंतला की मी खिशातून दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला काडीवरचा छोटा आरसा काढतो, खूण बघतो, आरसा परत खिशात टाकतो आणि मग मान वाकडी करून, एक डोळा मिटून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात "बरोबर आहे" म्हणतो. गिऱ्हाईक खूश होतं. टायरवाला सगळ्या गल्लीला सांगत सुटतो की या माणसाची नजर म्हणजे नजर आहे. मी त्याला कधी अडवलेलं नाही.

गाडीच्या पोटात काय चालतं याच्याशी ज्यांना देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनात खाली क्रँक फिरतो, तो पिस्टन वरखाली करतो. वर कॅम फिरतो, तो व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. पिस्टन वर आला की व्हॉल्व्हने वाटेतून बाजूला झालेलं असलं पाहिजे, नाहीतर दोघांची टक्कर आणि मालकाच्या डोळ्यांत पाणी. या दोघांना एका तालात ठेवतो तो दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. बेल्ट नवा घालताना वरच्या चाकावरची खूण आणि खालच्या चाकावरची खूण, दोन्ही आपापल्या खाचेसमोर उभ्या असाव्या लागतात. वरची सहज दिसते. खालची इंजिन आणि गाडीची भिंत यांच्या फटीत लपलेली असते, आणि तिच्यापायीच हे सगळं झालं.

माझी लेक माझ्याच गॅरेजात काम करते. कॉलेज संपल्यावर "थोडे दिवस येते" म्हणून आली आणि राहिली. तिचा हात चांगला आहे, तोंड त्याहून चांगलं आहे. पाने कुठे टांगायचे, रेडिओ किती मोठा लावायचा, चहात साखर किती, कशावरही ती माझ्याशी वाद घालू शकते आणि बहुतेक वेळा जिंकते. ती आरसा उघडपणे वापरते. टायरवाल्याने एकदा तिला चिडवलं, "बापाची नजर नाही घेतलीस का गं?" तर ती म्हणाली, "काका, बाबांची नजर बाबांकडेच राहू दे. मला खूण दिसल्याशी मतलब." मी तेव्हा मोठ्याने हसलो होतो आणि खिशावर हात ठेवला होता.

तर या लेकीला एका मोठ्या वर्कशॉपमधून बोलावणं आलं. दुसऱ्या शहरात. तिथे नवीन इंजिनं येतात, शिकवायला माणसं आहेत, गाडी उचलायला हायड्रॉलिक लिफ्ट आहे. आमच्याकडे एक जॅक आहे आणि मी आहे. तिने मला सांगितलं तेव्हा मी "छान" म्हणालो आणि चहाच्या कपात पाना घालून चहा ढवळला. ती बघत होती. बायकोही बघत होती.

"जाऊ नकोस" एवढं म्हणायला काय हरकत होती? पण ते माझ्या तोंडून निघेना. तिच्याशिवाय गॅरेज कसं चालेल ही चिंता नव्हतीच, गॅरेज आधीही चालत होतं. सकाळी शटर वर करताना पलीकडून कोणीतरी "बाबा, कंबर सांभाळा" म्हणणार नाही, याची मला भीती वाटत होती. आणि अशी भीती बोलून दाखवायची तर चेहरा कसा करायचा असतो हेच मला माहीत नाही. म्हणून मी एक अट काढली. अटी काढायला मला कधीच त्रास पडत नाही.

"आपल्या गाडीचा बेल्ट बदलायला आलाय," मी म्हणालो. "एकटीने बदल. मी हात लावणार नाही. शेवटी मी बघीन. पहिल्या फटक्यात खुणा बरोबर लागल्या तर खुशाल जा, मी स्वतः पोचवायला येतो. चुकलं तर अजून एक वर्ष थांब."

"कबूल," ती म्हणाली. "मला आज संध्याकाळपर्यंत त्यांना कळवायचंय."

"मग लाग कामाला."

मला खात्री होती ती चुकणार. वाईट वाटेल ऐकायला, पण होती. बेल्ट चढवून झाला की टेन्शनर सोडतात, तो बेल्टला ताण देतो, आणि नवशिक्यांच्या हातून नेमका त्याच वेळी कॅम एक दात सरकतो. ती पूर्वी दोनदा तिथेच चुकली होती. मी दारात स्टूल टाकून बसलो आणि पेपर उघडला. पेपर उलटा नव्हता एवढं माझ्या बाजूने सांगता येईल, पण वाचलं काही नाही.

तिने गाडी स्टँडवर टेकवून चाक काढलं, बाजूचं कव्हर काढलं, इंजिनखाली जॅक आणि लाकडी ठोकळा लावून इंजिन तोलून धरलं आणि मग त्याला गाडीशी जखडणारं माउंटिंग सोडलं. खुणा जुळवून मगच जुना बेल्ट काढला. नवा बेल्ट चढवताना ताणाची बाजू आधी ओढून घेतली आणि ढिली बाजू टेन्शनरकडे राहू दिली. टेन्शनर सोडताना तिने दुसऱ्या हाताने कॅमचं चाक पान्याने घट्ट धरून ठेवलं. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. दोनदा चुकल्यावर तिने स्वतःच शोधून काढलं होतं. मी पेपरचं पान उलटलं.

मग लांब दांड्याचा पाना लावून तिने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला. आमच्याकडे हा नियमच आहे. हाताने दोन फेरे फिरवून खुणा परत बघितल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही. तिने आरशात बघितलं, सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "या, बघा."

मी गेलो. नेहमीसारखी मान वाकडी केली, एक डोळा मिटला. काही दिसलं नाही. चष्मा कपाळावर होता. तो खाली घेतला तरी काही दिसलं नाही, कारण त्या फटीत मान वाकडी करून कोणालाच काही दिसत नाही, हे मी इतकी वर्षं सगळ्यांपासून लपवून ठेवलं होतं. मी "हं" म्हणालो.

"काय हं?"

"थांब जरा. हात धुवून ये, ग्रीस बघ किती लागलंय कोपरापर्यंत."

ती मागच्या नळाकडे गेली. मी आरसा आत सरकवला, टॉर्च मारला. खालची खूण खाचेसमोर उभी होती. केसाइतकाही फरक नव्हता. वरची बघितली, तीही तशीच. इतका नीट लागलेला बेल्ट मी स्वतः कितीदा लावला असेल, हे न विचारलेलं बरं. बापाची छाती अशा वेळी फुगते म्हणतात. माझी नाही फुगली. ती जाणार होती.

ती टॉवेलला हात पुसत आली. मी आरसा खिशात टाकला आणि म्हणालो, "एक दात मागे आहे."

बोलून गेलो. आधी ठरवलेलं नव्हतं, पण म्हणून काही ते कमी खोटं होत नाही.

"मागे?" तिने आरसा घातला. "मला तर सरळ दिसतंय."

"आरशात तिरकं पडतं. इथून बघ, वरून." मी तिला माझ्या जागी उभं केलं. तिथून खालच्या चाकाची फक्त कड दिसते, आणि तिरकं बघितलं की बरोबर असलेली कुठलीही गोष्ट मागे असल्यासारखी वाटते.

तिने खूप वेळ बघितलं. मी वादाची तयारी केली. साखरेवरून माझ्याशी अर्धी सकाळ भांडणारी मुलगी आता काय काय ऐकवेल, याची मी मनातल्या मनात उत्तरं जुळवत होतो. ती म्हणाली, "हो. इथून मागे वाटतंय." आणि एवढंच. जॅक तपासला, पाना उचलला आणि टेन्शनर परत ढिला करायला घेतला. थोड्या वेळाने पाना खाली ठेवून म्हणाली, "जरा बाहेर जाऊन येते. तुम्ही जेवून घ्या."

आमचं घर गॅरेजच्या वरच आहे. मी जेवायला वर गेलो. बायकोला सांगितलं, पोरीचा एक दात चुकला, होतं असं, शिकेल. आणि चवीने जेवलो. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. बायको माझ्या ताटाकडे बघत होती.

"लेकीचं चुकलं आणि तुम्हाला इतकी भूक लागली?"

"कामाने लागते."

"कोणाच्या कामाने? तुम्ही तर सकाळपासून स्टुलावर होतात."

तिला खुणांमधलं काही कळत नाही. माझ्यातलं सगळं कळतं. मी पाणी पिऊन खाली आलो.

लेक कामाला लागली होती. बेल्ट एक दात पुढे घेऊन चढवला होता, म्हणजे आता खरोखर चुकला होता, आणि तोही माझ्या सांगण्यावरून. मी स्टुलावर बसलो आणि मला पहिल्यांदाच पुढचा विचार सुचला. एका दाताने हे इंजिन मोडत नाही. सुरू होतं, थरथरतं, ओढत नाही, रुसल्यासारखं चालतं. आता हे सुरू होणार आणि थरथरणार. मग मी काय सांगणार? तू जास्त सरकवलास? मग ती परत मागे घेणार, म्हणजे बरोबर होणार, आणि मी म्हणणार, बघ, माझ्या नजरेने जमलं. खोटं बोलायला निघालेल्या माणसाने निदान दोन दात पुढचं बघावं. मी एकाच दातावर थांबलो होतो.

तिने क्रँकला पाना लावून दोन फेरे फिरवले. वरची खूण खाचेपासून जराशी सरकलेली नुसत्या डोळ्यांना दिसत होती, माझ्या स्टुलावरून दिसत होती. तिलाही दिसली असणार. आरसा ट्रेमध्ये पडून होता. तिने तो उचललाच नाही. टॉवेलला हात पुसले आणि किल्ली घेऊन ड्रायव्हरच्या दाराकडे निघाली.

"आरसा नाही लावलास?" मी विचारलं.

"कशाला? मला बरोबर दिसतं ते चुकीचं निघतं. तुम्ही सांगाल तसं." आवाजात राग नव्हता. "यापुढे तुम्हाला विचारूनच लावीन."

टोमणा असता तर मी निभावून नेलं असतं. पण ती मनापासून बोलली होती. सकाळी ज्या मुलीने कॅम धरून ठेवायची युक्ती स्वतः शोधून काढली होती, तीच आता डोळ्यांसमोरची सरकलेली खूण बघून गप्प बसत होती, कारण बापाने तिला तिच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवायला शिकवलं होतं. उद्या ती इथे राहील, परवाही राहील, आणि प्रत्येक बेल्टला मला हाक मारील. मला हवं होतं ते हेच. आणि ते समोर उभं राहिल्यावर माझी मलाच शिसारी आली.

"किल्ली फिरवू नकोस," मी म्हणालो.

"का?"

"सकाळचं बरोबर होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तू लावलेलं बरोबर होतं. आता चुकलंय. मी खोटं बोललो."

ती दाराला हात लावून उभी राहिली. शेजारी टायरवाल्याची हवेची मशीन चालू होती, ती नेमकी तेव्हाच बंद पडली.

"तुम्हाला खालची खूण दिसली नव्हती का?"

"दिसली होती. तू नळावर गेलीस तेव्हा आरशातून बघितली."

"तुम्ही आरसा वापरता?"

मी खिशातून आरसा काढून दाखवला. एवढं सगळं सांगितल्यावर आता लाज वाटायला काही शिल्लक नव्हतं असं वाटलं होतं, पण होतं. दारात टायरवाला येऊन उभा होता.

"का केलंत?" तिने विचारलं.

"तू जाशील म्हणून."

"मग जाऊ नकोस म्हणायचं ना."

"म्हटलं असतं तर थांबली असतीस?"

तिने विचार केला. या मुलीची ही खोड आहे, प्रश्न विचारला की खरंच विचार करते. "नसते थांबले. पण तुम्हाला मी इथे हवी आहे, एवढं तरी ऐकायला मिळालं असतं." मग ती बॉनेटकडे बघत म्हणाली, "मी दुपारी त्यांना कळवलं. येत नाही म्हणून. म्हटलं, अजून माझी तयारी नाही."

मी वर मजेत जेवत होतो तेव्हा ती बाहेर उभी राहून हे बोलली होती.

"फोन लाव," मी म्हणालो. "मी बोलतो."

तिने लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडे वर्कशॉपच्या मुख्य बाई होत्या. आवाज समजूतदार होता, आणि तीच पंचाईत झाली. मी म्हणालो, मी तिचा बाप बोलतोय, तिने आज एक बेल्ट एकटीने लावला, तो बरोबर होता, मी चुकीचा आहे म्हणून सांगितलं, म्हणून तिने तुम्हाला नाही म्हटलं.

"अच्छा," बाई म्हणाल्या. "होतं हो असं. वय झालं की बारीक खुणा नाही दिसत. आमच्याकडेही एक जुने मिस्त्री आहेत."

कोणी इतक्या प्रेमाने पळवाट देईल असं वाटलं नव्हतं. "हो ना, नजर गेली" एवढं म्हटलं की सुटलो असतो. टायरवाला कान टवकारून उभा होता, लेक माझ्याकडे बघत होती. आंधळा म्हणवून घ्यावं की खोटारडा, यात माझ्यासारख्या माणसाला निवड करावी लागू नये.

"नाही बाई," मी म्हणालो. "खूण स्पष्ट दिसली होती. पोरगी दूर जाऊ नये म्हणून मी मुद्दाम चूक काढली."

बाई म्हणाल्या, "जागा अजून आहे. पण ते तुमच्याशी नाही बोलणार मी. तिला द्या फोन."

लेक फोन घेऊन बाहेर गेली. टायरवाल्याने माझ्या हातातल्या आरशाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आणि मी लोकांना काय काय सांगत होतो."

"सांगणं बंद कर आता."

"आता तर खरं सांगण्यासारखं मिळालंय," तो म्हणाला आणि निघून गेला.

ती परत आली. "सोमवारपासून बोलावलंय." आनंदाने सांगितलं नाही, माझ्याकडे बघूनही सांगितलं नाही. टॉर्च उचलून माझ्या हातात दिला. "धरा. नीट धरा."

तिने तिसऱ्यांदा बेल्ट सोडला. मी चाकाशेजारी गुडघ्यावर बसून टॉर्च धरला. मध्येच म्हणालो, "टेन्शनर सोडताना..." तिने मान वर केली, मी टॉर्च सरळ केला. तिने कॅम धरला, ताण सोडला, क्रँक दोन फेरे फिरवला आणि आरशात बघितलं. खूप वेळ बघितलं. सकाळी तिला इतका वेळ लागला नव्हता. ती खूण बघत नव्हती, स्वतःला विचारत होती, आणि ते विचारायला लावणारा मी तिथेच हातभर अंतरावर टॉर्च धरून बसलो होतो. मला खूप वाईट वाटलं. मी टॉर्च हलू दिला नाही.

"जुळलंय," ती म्हणाली.

मी उठायला लागलो. सवयीने मान त्या फटीकडे वाकडी झाली.

"तुम्ही बघायचं नाही," ती म्हणाली. "तुम्ही आत बसा आणि किल्ली फिरवा."

"एकदा नुसतं बघून..."

"नाही बाबा."

मी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसलो. खुणा स्वतः बघितल्याशिवाय मी आजवर एकाही इंजिनची किल्ली फिरवलेली नाही, आणि हे एवढं एक माझं म्हणणं खरं आहे. बॉनेट वर असल्यामुळे समोर ती दिसत नव्हती. बोटं किल्लीवर होती आणि फिरत नव्हती. आत काही चुकलं असेल तर, असं मनात आलं, आणि सकाळी मी तिला हाच प्रश्न दिला होता हेही मनात आलं.

"जुळलंय ना गं?" मी काचेतून डोकं बाहेर काढून विचारलं.

"मी सांगितलं ना जुळलंय म्हणून," बॉनेटच्या मागून ती म्हणाली.

मी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं आणि एका लयीत चालू राहिलं. तिने बॉनेट खाली घेतलं, दोन्ही हात त्यावर टेकवून कान देऊन ऐकलं आणि मग फोननंतर पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. मला म्हणायचं होतं की फार सुंदर लावलायस. मी म्हणालो, "जाऊ नकोस."

"जाणार आहे," ती म्हणाली. "पण बरं झालं म्हणालात." आणि पाने आवरायला लागली.